न दिसणाऱ्या किरणांचे मोजमाप : निदान-प्रतिमांमागील भौतिकशास्त्रज्ञ

(तंजावर येथे मराठी भाषक विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)



तंजावरमध्ये मराठीतून वैद्यकविषयक व्याख्यान देण्याची संधी मिळावी, ही माझ्या दृष्टीने आनंदाची गोष्ट आहे. या नगरीत मराठी भाषा आणि वैद्यकशास्त्र यांचा संबंध नवा नाही. १७९८ ते १८३२ या काळात येथे गादीवर असलेले सरफोजीराजे दुसरे यांचे नाव आपण सरस्वती महाल ग्रंथालयामुळे घेतो. त्यांनी धन्वंतरी महाल या नावाची संस्था उभारून औषधनिर्मितीला आश्रय दिला, हेही आपल्याला माहीत असेल. त्या काळातील नेत्ररुग्णांच्या नोंदी आणि त्यांच्या डोळ्यांची रंगीत चित्रे आजही या ग्रंथालयात जतन केलेली आहेत. छायाचित्रण अस्तित्वात नव्हते, त्या काळी रुग्णाच्या डोळ्यात जे दिसले ते चित्रकाराकडून रेखाटून घ्यावे आणि उपचारांची नोंद ठेवावी, ही दृष्टी मोठीच म्हटली पाहिजे.

आज मी ज्या व्यवसायाविषयी बोलणार आहे, त्याचे सूत्र हेच आहे. रुग्णाच्या शरीरातील प्रतिमा घेणे आणि ती घेताना काय केले, किती केले याची अचूक नोंद ठेवणे, हे ते सूत्र. फरक एवढाच, की त्या चित्रकाराच्या कुंचल्याने रुग्णाला इजा होण्याची शक्यता नव्हती. आजच्या कुंचल्याचे तसे नाही. तो डोळ्यांना दिसत नाही, त्याचा स्पर्श जाणवत नाही, आणि म्हणूनच त्याचे मोजमाप करणारी व्यक्ती आवश्यक ठरते. या व्यक्तीला वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ असे म्हणतात.

व्यवसायाचे स्वरूप

रुग्णालय म्हटले की डॉक्टर, परिचारिका, तंत्रज्ञ आणि औषधनिर्माते आपल्या डोळ्यांपुढे येतात. भौतिकशास्त्रज्ञाचे तेथे काय काम, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. मात्र, विसाव्या शतकात वैद्यकाला मिळालेली निदानाची बहुतेक प्रभावी साधने भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेतूनच आली आहेत. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील वुर्झबर्ग येथे विल्हेल्म रॉन्टजेन यांना क्ष-किरणांचा शोध लागला. १९०१ मध्ये भौतिकशास्त्राचे पहिले नोबेल पारितोषिक त्यांनाच देण्यात आले. सीटी स्कॅनसाठी गॉडफ्रे हाउन्सफील्ड आणि अ‍ॅलन कॉर्मॅक यांना १९७९ मध्ये, तर एमआरआयसाठी पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफील्ड यांना २००३ मध्ये वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मिळाले. या चौघांपैकी एकही जण व्यवसायाने डॉक्टर नव्हता, ही बाब स्पर्धा परीक्षेसाठीच नव्हे, तर एरवीही लक्षात ठेवण्याजोगी आहे.

साधने अशी आली, तरी ती रुग्णालयात रोज, वर्षानुवर्षे योग्य रीतीने चालली पाहिजेत. निदान डॉक्टर करतात आणि प्रतिमा तंत्रज्ञ घेतात. परंतु यंत्रातून ठरल्याप्रमाणेच किरण बाहेर पडतात काय, प्रतिमेत दिसणारा ठिपका खरोखर शरीरातील आहे की यंत्राचा दोष आहे, आणि हीच माहिती कमी किरणांत मिळू शकली असती काय, या तीन प्रश्नांची उत्तरे भौतिकशास्त्रज्ञाने द्यायची असतात.

प्रतिमा आणि गणित

या क्षेत्रात दक्षिण भारताचा एक मोलाचा वाटा आहे. कोलॅजेन या प्रथिनाच्या रचनेचा शोध घेणारे शास्त्रज्ञ जी. एन. रामचंद्रन यांनी मद्रास विद्यापीठात दीर्घकाळ काम केले. १९७१ मध्ये त्यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासह एक शोधनिबंध प्रसिद्ध केला. एखाद्या वस्तूच्या वेगवेगळ्या कोनांतून घेतलेल्या क्ष-किरण प्रतिमांवरून त्या वस्तूचे अंतरंग गणिताने कसे उभे करावे, याची सोपी आणि जलद पद्धत त्यांनी मांडली. योगायोग असा, की त्याच वर्षी १ ऑक्टोबर रोजी लंडनमध्ये सीटी यंत्रावर पहिल्या रुग्णाच्या मेंदूची प्रतिमा घेण्यात आली. पुढे या गणिती पद्धतीचा सीटी तंत्रात मोठ्या प्रमाणावर उपयोग झाला. जगभरचे अभियंते आजही त्या गाळणीला दोघांच्या नावांवरून ‘राम-लॅक’ म्हणतात.

सीटी प्रतिमेतील प्रत्येक बिंदूला एक संख्या दिलेली असते. पाण्याची संख्या शून्य, तर हवेची उणे एक हजार मानली जाते. हाडाची संख्या अनेक शेकड्यांत जाते. मेंदूतील ताजा रक्तस्राव आणि निरोगी मेंदू यांच्या संख्यांत जेमतेम काही दशकांचाच फरक असतो. यंत्राची मोजणी सरकली, तर हा फरक पुसला जाऊ शकतो. म्हणूनच पाण्याने भरलेले एक नळकांडे यंत्रात ठेवून त्याची संख्या शून्याच्या आसपास, ठरलेल्या मर्यादेत येते की नाही, हे नियमितपणे तपासावे लागते. काम साधे दिसते, परंतु पक्षाघाताच्या रुग्णाला रक्ताची गुठळी विरघळवणारे औषध द्यायचे की नाही, हा निर्णय याच अचूकतेवर उभा असतो.

किती किरण म्हणजे अधिक?

क्ष-किरण हे आयनीकारक प्रारण आहे. ते अणूतील इलेक्ट्रॉन अलग करू शकते, आणि त्यामुळे पेशीतील डीएनएला इजा पोहोचण्याची शक्यता असते. मात्र, या प्रारणाला अकारण भिण्याचे काही कारण नाही. आपण सारेच नैसर्गिक किरणोत्सर्गात राहतो. अंतराळातून येणारे किरण, जमिनीतील व हवेतील किरणोत्सारी मूलद्रव्ये आणि आपल्याच शरीरातील पोटॅशियम हे त्याचे स्रोत आहेत. तुमच्या गावातील बृहदीश्वराचे मंदिर ग्रॅनाइटचे आहे. ग्रॅनाइटमध्ये युरेनियम, थोरियम आणि पोटॅशियम यांचे अल्प अंश नैसर्गिकरीत्याच असतात. गेली एक हजार वर्षे लोक तेथे दर्शनाला जात आहेत.

किरणांच्या शरीरावरील परिणामाचे एकक सिव्हर्ट असून, व्यवहारात त्याचा हजारावा भाग म्हणजे मिलिसिव्हर्ट वापरला जातो. निसर्गाकडून माणसाला मिळणारी मात्रा जागतिक सरासरीनुसार वर्षाला सुमारे २.४ मिलिसिव्हर्ट आहे. छातीच्या एका साध्या क्ष-किरण तपासणीत ०.१ मिलिसिव्हर्टहून अधिक मात्रा सहसा मिळत नाही. डोक्याच्या सीटीमध्ये ती सुमारे २, तर पोटाच्या सीटीमध्ये सुमारे ८ ते १० मिलिसिव्हर्टपर्यंत जाते. म्हणजे पोटाचा एक सीटी हा निसर्गातील तीन-चार वर्षांच्या मात्रेएवढा, किंवा छातीच्या शंभराहून अधिक साध्या प्रतिमांएवढा होतो.

संयुक्त राष्ट्रांच्या किरणोत्सर्गविषयक वैज्ञानिक समितीने २००९ ते २०१८ या काळाचा आढावा घेतला. त्यानुसार जगात दरवर्षी किरणांचा वापर असलेल्या सुमारे ४.२ अब्ज वैद्यकीय तपासण्या होतात. त्यांत सीटीचा वाटा जेमतेम दहा टक्के आहे. मात्र, लोकसंख्येला मिळणाऱ्या एकूण वैद्यकीय मात्रेतील साठ टक्क्यांहून अधिक भाग या दहा टक्के तपासण्यांतून येतो. लक्ष कोठे केंद्रित करायला हवे, हे या दोन आकड्यांवरून स्पष्ट होते.

लहान मुलांच्या बाबतीत अधिक दक्षता घ्यावी लागते. त्यांच्या पेशी वेगाने विभागत असतात आणि पुढे मोठे आयुष्य असते. नऊ युरोपीय देशांतील सुमारे साडेनऊ लाख मुले व तरुण यांच्या नोंदींवर आधारित एक अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. सीटी तपासणी झालेल्या दर दहा हजार मुलांमागे पुढील बारा वर्षांत एक ते दोन जणांना त्या किरणांमुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो, असा अंदाज त्यात मांडला आहे. हा धोका अल्प आहे. अपघातात डोक्याला मार लागलेल्या मुलाचा सीटी टाळणे हा त्याहून कितीतरी मोठा धोका ठरेल. परंतु ज्या मुलाला सीटीची गरजच नाही त्याचा सीटी काढणे, किंवा गरज असताना प्रौढांसाठी ठरवलेल्या मात्रेने काढणे, याचे समर्थन कोणत्याही प्रकारे करता येत नाही.

फिल्मची साक्ष

आता मी एका अशा बदलाकडे वळतो, ज्याची चर्चा फारशी होत नाही. पूर्वी क्ष-किरण प्रतिमा फिल्मवर उमटत असे. किरण अधिक झाले तर फिल्म काळी पडे, कमी झाले तर ती फिकट राही. दोन्ही वेळी डॉक्टर ती परत पाठवीत. अर्थात, फिल्म हीच मात्रेची साक्षीदार होती. चूक झाली की ती सर्वांना दिसत असे.

अंकीय तंत्रज्ञान आल्यावर ही साक्ष नाहीशी झाली. संगणक प्रतिमेचा उजळपणा आपोआप जुळवून घेतो. किरण दुप्पट झाले तरी प्रतिमा काळी पडत नाही. उलट ती अधिक स्वच्छ दिसते. याचे कारण संख्याशास्त्रात आहे. एखाद्या बिंदूवर १०,००० क्ष-किरण कण पोहोचले, तर त्यातील नैसर्गिक चढउतार १०० कणांचा, म्हणजे एक टक्क्याचा असतो. २,५०० कण पोहोचले तर तो ५० कणांचा, म्हणजे दोन टक्क्यांचा होतो. मात्रा चौथाईवर आणली की प्रतिमेतील खरखर दुप्पट होते; मात्रा चौपट केली की ती निम्मी होते. साहजिकच प्रतिमा खरखरीत आली तर तक्रार होते, पण मात्रा अधिक झाली तर कोणीही तक्रार करत नाही. प्रतिमा पाहणारे डॉक्टर समाधानी असतात, तंत्रज्ञाला पुन्हा प्रतिमा घ्यावी लागत नाही आणि रुग्णाला काहीच जाणवत नाही. परिणामी, कोणाचाही वाईट हेतू नसताना मात्रा हळूहळू वाढत जाते.

माझ्या आजच्या प्रतिपादनाचा गाभा हाच आहे. जेथे मात्रा मोजली जात नाही, तेथे ती वाढण्याकडेच कल राहतो. फिल्मने दिलेली साक्ष आता मोजमापानेच द्यावी लागेल आणि ते मोजमाप करणारा माणूस व्यवस्थेत असावा लागेल.

दोन घटनांचा धडा

अमेरिकेत लॉस एंजेलिस येथील एका नामांकित रुग्णालयात २००८ मध्ये मेंदूच्या रक्तप्रवाहाच्या सीटी तपासणीसाठी यंत्राची मांडणी बदलण्यात आली. त्यानंतर सुमारे अठरा महिने २०६ रुग्णांना अपेक्षेच्या जवळजवळ आठपट मात्रा मिळत राहिली. ऑगस्ट २००९ मध्ये एका रुग्णाच्या डोक्यावरील केस गळाल्याची तक्रार आल्यावर हा प्रकार उघडकीस आला. यंत्राच्या पडद्यावर मात्रेचा आकडा दर तपासणीला दिसत होता. तो अपेक्षित आकड्याशी ताडून पाहण्याची रीत मात्र नव्हती. महागडे यंत्र, निष्णात डॉक्टर आणि श्रीमंत देश असूनही हे घडले.

दुसरी घटना आपल्या मुंबईतील आहे. २७ जानेवारी २०१८ रोजी एका महापालिका रुग्णालयात रुग्णासोबत आलेल्या तरुण नातेवाइकाने प्राणवायूचे सिलिंडर एमआरआयच्या खोलीत नेले. चुंबकाने सिलिंडरसह त्याला आत खेचले आणि त्याचा मृत्यू झाला. एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, म्हणून तो निर्धोक, असा समज सर्वत्र आढळतो. प्रत्यक्षात दीड टेस्लाच्या यंत्राचे चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या तीस हजारांहून अधिक पट असते. द्रवरूप हेलियमने थंड ठेवलेले हे अतिवाहक चुंबक रात्री, सुटीच्या दिवशी, तपासणी सुरू नसतानाही कार्यरत असते. खोलीभोवती सुरक्षेचे टप्पे आखणे, कोणती वस्तू कोठपर्यंत न्यावी हे ठरवणे आणि शिपायापासून डॉक्टरांपर्यंत सर्वांना प्रशिक्षण देणे हेही भौतिकशास्त्रज्ञाच्या कामात येते.

प्रत्यक्ष काम

या कामाची थोडी कल्पना देतो. साध्या क्ष-किरण यंत्राच्या तपासणीत नळीला दिलेला विद्युतदाब खरोखर नोंदीइतका आहे काय, हे मोजले जाते. किरणांचा भेदकपणा अ‍ॅल्युमिनियमच्या पातळ पत्र्यांनी तपासतात. किरणांची तीव्रता निम्मी होण्यासाठी किती जाडीचा पत्रा लागतो, हे पाहायचे. ८० किलोव्होल्टला ही जाडी किमान २.३ मिलिमीटर असावी, असा प्रचलित निकष आहे. ती कमी भरली तर दुबळे किरण पुरेसे गाळले जात नाहीत, असा अर्थ होतो. असे किरण प्रतिमेला उपयोगी पडत नाहीत. ते केवळ रुग्णाच्या त्वचेत शोषले जातात.

यंत्रातून पडणारा प्रकाशाचा चौकोन आणि प्रत्यक्ष किरणांचा चौकोन एकमेकांशी जुळणे गरजेचे असते. एका रुग्णालयात मी पाहणीसाठी गेलो होतो. तेथे हे दोन चौकोन एका बाजूने चांगले दोन बोटे सरकलेले आढळले. छातीच्या प्रत्येक तपासणीत रुग्णाच्या गळ्यातील थायरॉइड ग्रंथीवर विनाकारण किरण पडत होते. दुरुस्तीला अर्धा तासही लागला नाही. यंत्र मात्र तशा स्थितीत किती काळ चालले होते, हे तेथे कोणालाच सांगता आले नाही, कारण त्याची नोंदच नव्हती.

सीटीची मात्रा मोजण्यासाठी अ‍ॅक्रिलिकचे दोन भरीव दंडगोल वापरतात. १६ सेंटिमीटर व्यासाचा दंडगोल डोक्यासाठी आणि ३२ सेंटिमीटरचा धडासाठी असतो. त्यांच्या छिद्रांत पेन्सिलीसारखा लांबट मापक घालून मात्रा मोजतात आणि यंत्राने दाखवलेल्या आकड्याशी ती ताडून पाहतात. अणुवैद्यक विभागातील काम याहून वेगळे आहे. तेथे किरणांचा स्रोत रुग्णाच्या शरीरातच असतो. सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या टेक्नेशियम-९९एमचा अर्धायुष्यकाल सहा तासांचा आहे. म्हणजे चोवीस तासांनंतर त्याचा सोळावा भागच उरतो. रुग्णाला द्यायच्या मात्रेची वेळेनुसार आकडेमोड आणि कचऱ्याची सुरक्षित साठवण या गणितावरच चालते.

कर्मचाऱ्यांची सुरक्षितता हाही या कामाचा महत्त्वाचा भाग आहे. खोलीच्या भिंती सामान्यतः २३ सेंटिमीटर जाडीच्या विटांच्या असाव्या लागतात आणि दारांना शिशाचा पत्रा लावावा लागतो. अंतर हा सर्वांत स्वस्त रक्षक आहे. स्रोतापासून एक मीटरवरून दोन मीटरवर गेले की तीव्रता चौथाईवर येते. छातीवर लावलेला टीएलडी बॅज कर्मचाऱ्याला मिळालेली मात्रा साठवून ठेवतो. भारतातील बॅजमध्ये डिस्प्रोसियम मिसळलेल्या कॅल्शियम सल्फेटच्या चकत्या असतात. त्या तापवल्या की शोषलेल्या मात्रेच्या प्रमाणात प्रकाश देतात. हे तंत्र भाभा अणुसंशोधन केंद्राने देशातच विकसित केले.

नियम आणि उणीव

भारतात किरणोत्सर्गाच्या सुरक्षित वापरावर देखरेख ठेवणाऱ्या अणुऊर्जा नियामक मंडळाची स्थापना १५ नोव्हेंबर १९८३ रोजी झाली. मंडळाच्या निकषांनुसार किरणांचे काम करणाऱ्या कर्मचाऱ्याची मात्रा पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला २० मिलिसिव्हर्ट आणि कोणत्याही एका वर्षात ३० मिलिसिव्हर्टपेक्षा अधिक असता कामा नये. सर्वसामान्य नागरिकासाठी ही मर्यादा वर्षाला १ मिलिसिव्हर्ट आहे.

रुग्णाला अशी मर्यादा लागू नाही, हे परीक्षार्थींनी ध्यानात ठेवावे. याचे कारण उघड आहे. जीव वाचवणारी तपासणी आकड्यासाठी थांबवता येत नाही. रुग्णाचे रक्षण दोन तत्त्वांनी होते. तपासणी खरोखर आवश्यक असावी, हे पहिले तत्त्व; आवश्यक असेल तर निदानास पुरेल इतक्या किमान मात्रेत ती व्हावी, हे दुसरे. पहिले तत्त्व डॉक्टरांच्या हाती आहे. दुसरे अमलात आणण्यासाठी मोजमाप लागते. मर्यादा नाही, म्हणूनच मोजमापाचे महत्त्व अधिक.

येथे आपल्या व्यवस्थेतील एक उणीव दिसून येते. कर्करोगावरील किरणोपचार केंद्राला वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाची नेमणूक बंधनकारक आहे. त्यामुळे देशातील बहुसंख्य वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञ किरणोपचार विभागातच आढळतात. निदान विभागात मात्र किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकाऱ्याची जबाबदारी तेथील पात्र क्ष-किरणतज्ज्ञ किंवा तंत्रज्ञ सांभाळू शकतात. यंत्राची गुणवत्ता-तपासणी मान्यताप्राप्त संस्थेकडून किमान दोन वर्षांतून एकदा करून घेतली जाते. ही व्यवस्था आवश्यक आहे आणि तिच्यामुळे सुधारणाही झाल्या आहेत. परंतु दोन तपासण्यांच्या मधल्या दोन वर्षांत मात्रेवर सतत लक्ष ठेवणे, लहान मुलांसाठी वेगळी मांडणी करणे, निरनिराळ्या रुग्णालयांतील आकड्यांची तुलना करणे, ही कामे पूर्णवेळ माणसाविना होत नाहीत. किरणांचा संबंध जेथे सर्वाधिक नागरिकांशी येतो, त्याच विभागात किरणांचे शास्त्र जाणणारा माणूस विरळा आहे.

जिल्ह्याला एक भौतिकशास्त्रज्ञ

ही उणीव आता अधिक निकडीची झाली आहे, कारण प्रतिमा-तपासण्या गावांपर्यंत पोहोचत आहेत आणि ती स्वागतार्ह गोष्ट आहे. राष्ट्रीय आरोग्य अभियानांतर्गत २०१५ मध्ये मोफत निदान सेवा उपक्रमाची मार्गदर्शक तत्त्वे निघाली. जिल्हा रुग्णालयांतील सीटी सेवा आणि दूरस्थ क्ष-किरण वाचन यांचा त्यांत समावेश होता. डिसेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या क्षयरोग निर्मूलनाच्या शंभर दिवसांच्या मोहिमेत हातात धरून नेता येणारी क्ष-किरण यंत्रे वस्त्यांमध्ये नेण्यात आली. जे यंत्र पूर्वी विटांच्या भिंतींआड होते, ते आता शाळेच्या पडवीत उभे राहते. अशा वेळी यंत्र कोणत्या दिशेने रोखायचे, रांगेतील माणसे किती अंतरावर उभी करायची, याची आखणी प्रत्यक्ष जागा पाहूनच करावी लागते.

तंजावरचेच उदाहरण घ्या. तंजावर वैद्यकीय महाविद्यालय १९५९ पासून कावेरीच्या खोऱ्यातील रुग्णांचा आधार आहे. त्यानंतर तिरुवारूर येथे आणि २०२२ मध्ये नागपट्टिनम येथेही शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एकाच रुग्णाची तपासणी आधी तालुक्याच्या ठिकाणी, मग जिल्ह्याला आणि पुन्हा तंजावरला होते, असे अनेकदा घडते. प्रत्येक ठिकाणी मात्रा नोंदली गेली आणि ती नोंद रुग्णासोबत पुढे गेली, तर कितीतरी तपासण्यांची पुनरावृत्ती टळू शकेल. मराठवाड्यातील किंवा विदर्भातील जिल्ह्यांचे चित्र याहून वेगळे नाही.

प्रत्येक रुग्णालयात स्वतंत्र भौतिकशास्त्रज्ञ नेमणे आज शक्य नाही, हे मान्य करायला हवे. परंतु जिल्ह्याला एक निदान-प्रतिमा भौतिकशास्त्रज्ञ नेमणे अवाक्याबाहेरचे नाही. त्याने जिल्हा रुग्णालयात मुख्यालय ठेवावे, उपजिल्हा रुग्णालयांना ठरलेल्या दिवशी भेट द्यावी आणि सर्व यंत्रांच्या मात्रांची एकच नोंदवही ठेवावी. एका सीटी यंत्राच्या किमतीच्या तुलनेत हा खर्च किरकोळ आहे. २०२१ च्या राष्ट्रीय सहयोगी व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याने वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञाचा समावेश मान्य आरोग्य व्यवसायांच्या सूचीत केला आहे. व्यवसायाला कायद्याची ओळख मिळाली आहे. आता त्या ओळखीला जिल्हा पातळीवर पदे मिळायला हवीत.

या क्षेत्रात प्रवेश

आपल्यापैकी ज्यांना या व्यवसायाची ओढ वाटते, त्यांच्यासाठी थोडी माहिती देतो. भौतिकशास्त्रातील पदवीनंतर दोन प्रमुख मार्ग आहेत. भौतिकशास्त्रात पदव्युत्तर पदवी घेऊन रेडिओलॉजिकल फिजिक्सची पदविका करणे, हा पहिला मार्ग. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात १९६० च्या दशकापासून चालत आलेला हा एक वर्षाचा अभ्यासक्रम देशातील या व्यवसायाचा पाया मानला जातो. दुसरा मार्ग म्हणजे वैद्यकीय भौतिकशास्त्रातच पदव्युत्तर पदवी घेणे. तामिळनाडूत चेन्नईचे अण्णा विद्यापीठ आणि कोइंबतूरचे भारतियार विद्यापीठ येथे हे शिक्षण उपलब्ध आहे. त्यानंतर रुग्णालयात बारा महिन्यांची प्रत्यक्ष उमेदवारी आणि किरणोत्सर्ग सुरक्षा अधिकारी पदासाठीची प्रमाणन परीक्षा, हे टप्पे असतात.

गणित आणि विद्युतचुंबकत्व यांची चांगली बैठक हवी, हे खरेच. त्याचबरोबर चिकाटी लागते. यंत्रे दिवसभर रुग्णांसाठी व्यग्र असतात. म्हणून मोजमापे बहुधा संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी घ्यावी लागतात. अनुभवी डॉक्टरांना ‘या मांडणीत मात्रा अधिक आहे’ असे आकडे पुढे ठेवून नम्रपणे सांगण्याचे धैर्यही लागते. रुग्ण तुमचे नाव घेणार नाही, कारण तुमची त्याची भेटच होत नाही. तुमचे यश न घडलेल्या अपघातांत आणि न दिलेल्या जादा मात्रेत असते.

दरवर्षी ७ नोव्हेंबर हा मेरी क्युरी यांचा जन्मदिवस आंतरराष्ट्रीय वैद्यकीय भौतिकशास्त्र दिन म्हणून पाळला जातो. पहिल्या महायुद्धात त्यांनी क्ष-किरण यंत्रे मोटारींत बसवून जखमी सैनिकांपर्यंत नेली. विज्ञान रुग्णापर्यंत पोहोचवण्याचा तो मोठा प्रयत्न होता. मात्र, त्या काळी किरणांपासून रक्षणाचे नियम तयार झालेले नव्हते आणि किरणांवर काम करणाऱ्या अनेकांना त्याची किंमत आपल्या आरोग्याने मोजावी लागली. आज आपल्याजवळ यंत्रे आहेत, नियम आहेत आणि मोजण्याची साधनेही आहेत. ती साधने हाती घेणारे तरुण प्रत्येक जिल्ह्याला मिळाले, तर निदानाच्या सोयींचा विस्तार खऱ्या अर्थाने सुरक्षित ठरेल. तुमच्यापैकी काही जण या कामाकडे वळतील, अशी अपेक्षा व्यक्त करून मी आपला निरोप घेतो.